खुंटीवरचे टायर

आमच्या घरात नवी वस्तू लगेच वापरायची पद्धत नव्हती. आबांची मेंढरं होती तेव्हा वर्षातला बराच काळ आम्ही रानोमाळ पालावर असायचो. पावसात सगळे भिजायचे, आबांच्या अंगावर ठिगळं लावलेलं घोंगडं असायचं, आणि घोड्यावरच्या बोचक्यात एक कोरं घोंगडं कोरडं राहायचं. आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं, सणगराकडून विणून आणलेलं. माझा थोरला भाऊ नवनाथ तापानं फणफणला तरी ते बोचकं सुटलं नाही. "पुढं लागंल," एवढंच आबा म्हणायचे. मग एका वर्षी रोगानं मेंढरं गेली. आम्ही वडगाव रासाईला भीमेकाठी थांबलो, आबा दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायला लागले, पत्र्याचं घर झालं... आणि ते घोंगडं खुंटीवर गेलं. कोरंच.

दादाबद्दल लिहायचं तर या खुंटीपासूनच लिहावं लागतं.

दादा दहावीनंतर एमआयडीसीत लागला आणि मी कॉलेजात गेले. आमच्या भावकीतली मी पहिली ग्रॅज्युएट, तीही मेकॅनिकलची. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज बारीक करत नाही. कॉलेज पुण्यात, त्यासाठी केडगावहून सकाळची शटल. निघायला रोज उशीर व्हायचा, मग दादा मला मोटरसायकलवर स्टेशनात पोचवायचा. उसाच्या ट्रॅक्टरनं सांडलेला चिखल, पुलावरची खडी, वळणावर आडवी म्हैस, आणि दादाची गाडी मात्र दोरी ओढल्यासारखी जायची. "घट्ट धर, इंजिनेर," तो ओरडायचा. "रडायचं आसंल तर डब्यात बसून रड." शटल माझी कधी चुकली नाही.

कंपनीतल्या पोरांनी त्याला मोबाइलवर मोटरसायकलींच्या ग्रां प्री शर्यती बघायचा नाद लावला. शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेरी. ज्याची एक फेरी सगळ्यात वेगवान, तो रविवारी सगळ्यांच्या पुढे उभा. आई भाकरी थापता थापता डोकवायची. "एकटंच पळतंय की रं त्ये. शर्यत कुणासंगं हाय?"

"आये, आज निस्ती उभं ऱ्हायाची जागा ठरतीय."

"उभं ऱ्हायाला येवढं पळायचं व्हय?"

दादा हसून लोळायचा. पण टायरचं गणित आलं की हसू थांबायचं. नवा टायर पहिल्या काही फेऱ्यांत सगळ्यात जास्त चिकटतो, मग झिजत जातो. तो शनिवारी खर्चायचा की रविवारसाठी राखायचा, यावर आम्ही भावंडं भांडायचो. मी म्हणायचे खर्चावा. तो म्हणायचा राखावा.

पुढे मोटरसायकल रेसिंगच्या निवड चाचणीत तो निवडला गेला. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर नवख्यांची शर्यत होती. गाड्या आयोजकांच्याच, सगळ्यांना सारख्या. दोन दिवसांत मागच्या चाकाला नवा टायर एकच, बाकी वापरलेले. मीही सुट्टी काढली आणि दौंडवरून मद्रासच्या गाडीच्या जनरल डब्यात दाराशी बसून आम्ही दोघं गेलो. शनिवारी त्यानं जुन्या टायरवर फेरी मारली. नवा राखला. मी सांगून थकले. "उद्या बघ," म्हणाला. रविवारी तो जवळजवळ शेवटच्या ओळीत उभा राहिला. पहिल्याच वळणावर पुढच्या गर्दीत दोघं पडले आणि दादा त्यांच्यावर जाऊन आदळला. शर्यत संपली. गाडी ढकलत आणली तेव्हा नव्या टायरवरचे रबराचे बारीक केसही तसेच होते. तिथला मेकॅनिक टायरवरून हात फिरवून म्हणाला, "भाई, इसको घर लेके जाएगा क्या? पूजा करेगा?" दादाला ते फार लागलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच ट्रॅक. शनिवारी सकाळी मी हटूनच बसले. "आज घाल नवा."

"आन् उद्या काय? तुझी डिग्री बांधू चाकाला?"

"उद्या पुढं उभा राहशील. गर्दी मागं ऱ्हाईल. मग झिजलेल्या टायरवर वाट आडवून धरायची, येवढंच काम. केडगावच्या रस्त्यानं जल्मभर काय केलंस?"

त्याच्या जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं. कोरी वस्तू वापरायला काढायची म्हणजे आमच्याकडे काय असतं, ते आमच्या घरात वाढल्याशिवाय कळायचं नाही. शेवटी मेकॅनिकला म्हणाला, "लगाव भाई, नया लगाव," आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्या दिवशी तो पाचवा आला. रविवारी सुरुवातीलाच त्यानं दोघांना मागं टाकलं. शेवटच्या फेऱ्यांत मागचं चाक वळणावळणाला सरकत होतं आणि तो चिखलातल्यासारखी गाडी सांभाळत होता. मागून येणाऱ्यांना त्यानं वाट दिली नाही. पुढचे दोघं काही त्याला सापडले नाहीत. तिसरा. कप मिळाला, आणि बक्षीस म्हणून रस्त्यावरच्या गाडीचे दोन कोरे टायर, त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलला बसणारे.

ते टायर त्यानं घरी आणले, प्लॅस्टिकसकट, आणि घोंगड्याच्या खुंटीवर टांगले.

मी दर सुट्टीत म्हणायचे, दादा, गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, हे घाल. "ह्ये उसाच्या चिखलात घालू? येडी का खुळी? सीझन संपू दे, रस्ता वाळू दे, मग घालू." आबा माझ्यावरच खेकसायचे, "ऱ्हाऊ दे की गं, पुढं लागत्याल." ट्रॅकवर जे त्याला पटलं होतं, ते आमच्या उंबऱ्याच्या आत आलंच नाही. टायरबद्दल इतकं कळणारा माणूस टकल्या टायरवर रोज ड्यूटीला जात होता. मला त्याचा अजून राग येतो. गेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण मी धरला आहे.

त्या सकाळी मी चाकणला कामावर होते. चुलतभावाचा फोन आला. "घरी ये," म्हणाला, आणि थांबून, "गाडीवर येऊ नको. एसटीनं ये..." या एका वाक्यात मला सगळं कळलं.

अवकाळी पाऊस शिंतडून गेला होता. न्हावऱ्याच्या अलीकडे, ट्रॅक्टरच्या चिखलावर त्याचं मागचं चाक गेलं आणि तो समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीखाली गेला. मी पोचले तेव्हा आई-आबा तिथंच होते. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि सहज म्हणाला, "टकला हाय टायर." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्याच वेळी घरात खुंटीवर कोरे टायर टांगलेले होते, आणि ते मी, आई, आबा तिघंही जाणत होतो. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

दादाला अंगणात ठेवलं तेव्हा कुणीतरी पांढरी चादर आणली. आबा उठले, आत गेले, खुंटीवरचं घोंगडं काढून आणलं आणि त्याच्या अंगावर घातलं. कडेपर्यंत सारखं केलं. तापात जे मिळालं नव्हतं ते असं मिळालं. आईनं तोंडात पदर कोंबला. आबा एवढंच म्हणाले, "गार पडलंय प्वार."

मागच्या महिन्यात आबांनी ते टायरही काढले. प्लॅस्टिक सुटेना, दातानं फाडलं. मला हाक मारली.

"तुझ्या गाडीला बसत्यात का?"

माझी मोटरसायकल दादाच्याच मॉडेलची आहे, त्यानंच निवडून दिलेली. म्हटलं, "बसत्यात, आबा."

"मग बसव. आजच. उद्या म्हनू नको."

न्हावरा फाट्यावर बसवून घेतले. आबा सोबत आले आणि दोन्ही चाकं चढेपर्यंत उभे राहिले. आता दर आठवड्याला मी त्याच रस्त्यानं घरी येते, त्याच चिखलातून. टायरवरचे केस गेलेत. खुंटी मोकळी आहे, आई तिच्यावर काही टांगत नाही, आम्हीही नाही.

कप टीव्हीशेजारी आहे. येणारा-जाणारा विचारतो तेव्हा आबा सांगतात, आणि मीही तेच लिहिते: नवनाथ, वडगाव रासाई. पात्रता फेरीत पाचवा, शर्यतीत तिसरा.