साडूंच्या पेट्यांचा बंदोबस्त

बोरीला साडूंच्या मुलाच्या लग्नात मी त्यांच्या पिकअपच्या एका पेटीला कुलूप लावलं. त्या कुलपाला किल्ली नव्हती आणि पेटीत नवरीचं मंगळसूत्र होतं. मी केलं ते एवढंच. पण ते केवढं मोठं काम झालं हे समजायला आधी माझे साडू समजायला हवेत, कारण चोरांचा त्यांच्याइतका विचार सबंध परभणी जिल्ह्यात खुद्द चोरांनीही कधी केला नसेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. राहायला सेलूत. जिनिंगचं सामान पिकअपमधून गावोगाव पोचवायचं, हा धंदा. नामांतराची ती वर्षं. कधी कुठला रस्ता बंद पडेल याचा नेम नसे. म्हणून गाडीत स्टोव्हपासून सतरंजीपर्यंत सगळा संसार असे, आणि तो ठेवायला हौद्याखाली दोन्ही अंगांना लोखंडी पेट्या. झाकणांचा पत्रा इतका जाड निवडला होता, की लोहारानं विचारलं म्हणे, "मालक, यात तोफ ठिवायची का?" बिजागऱ्या आतल्या बाजूला, कोयंडा बोटाएवढा. कुणी ओळखीचं भेटलं की माणसं चहाला बोलावतात, साडू म्हणत, "जरासक ही पेटी उचकटून बगा बरं." एकदा गाडी तपासायला थांबवलेल्या हवालदाराच्या हातात त्यांनी आपण होऊन पहार दिली. हवालदार घामाघूम झाला. साडू खूश. "सायब, तुमाला जमंना, मंग चोराची काय बिशाद?" देवळात गेले तरी ते दारातच, गाडीकडं तोंड करून हात जोडत. आक्का चिडल्या तर शांतपणे सांगत, "देवाला पाठ दावली तर त्यो समजून घेतो. चोर न्हाई घेत."

गंगाखेडच्या बाजारात तर त्यांनी परीक्षाच घेतली. गाडी मुद्दाम उभी करून हे दुपारभर उसाच्या बैलगाडीमागं दडून बसले. एकही माणूस पेट्यांकडे फिरकला नाही. घरी आले ते भयंकर नाराज होऊन. "काय गाव म्हनायचं का काय! कुनी हात लावून बगितलं न्हाई!"

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. चोर माल बघत नाही, कुलूप बघतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांच्यापाशी जे सर्वांत मोठं कुलूप होतं ते त्यांनी चाकांना लावायच्या विटा ठेवलेल्या पेटीला अडकवलं होतं, आणि मोलाची वस्तू दुसऱ्या अंगाच्या पेटीत, जिला नुसता तारेचा पीळ. विटांची पेटी सारखी उघडावी लागे, त्यामुळे ते कुलूप दाबून बसवलेलं नसे, बसवल्यासारखं दिसे. त्याची किल्ली त्यांनी दुधना नदीत टाकून दिली होती. किल्ली असली की आधी तिचीच चोरी होते, हा हिशेब. ही सगळी विद्या मला या बोरीच्या लग्नानंतर कळली.

लग्नादिवशी सकाळी सेलूत आक्कांनी माझ्यादेखत मंगळसूत्राचा डबा तारेच्या पेटीत ठेवला. बोरीत पोचल्यावर वऱ्हाड जानवशाकडं गेलं आणि साडू मला म्हणाले, "साडभाऊ, गाडीपाशी थांबा. ध्यान ठिवा." ध्यान ठेवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा काय दिसावं? सोन्याला तार आणि विटांना कुलूप. मला वाटलं, गडबडीत यांच्या हातून चूक झाली. मी मोठ्या समजूतदारपणे कुलूप काढलं, तारेच्या पेटीला लावलं आणि टच्चकन आवाज येईपर्यंत दाबलं. कुणाला न सांगता केलेलं सत्कर्म म्हणून मनातल्या मनात खूशही झालो.

नवरा-नवरी बोहल्यावर उभी राहिली, भटजींनी मंगळसूत्र मागितलं, आणि साडू पेटीपाशी येऊन थिजले. नंतर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी अजून कुठल्या माणसात पाहिलेली नाही. बैलात पाहिली आहे.

बोरीचा लोहार आला. छिन्नी बोथट झाली, घणाचा दांडा निघाला, पेटी हलेना. आणि इथे साडूंचं काहीतरी बिनसलं. त्यांच्या तोंडावर हळूहळू तेज चढायला लागलं. "हाना! आनखी जोरात हाना! हालला का कोयंडा? न्हाई ना?" आक्का ओरडल्या, "अवो, पोरगं बाशिंग बांधून हुबं हाय आन् तुमी पेटीचं कवतिक करायलाव?" तेवढ्यात नवरीचा मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सोनं आनलंच न्हाई यांनी. कुलपाचं सोंग करायलेत."

साडूंचं तेज एका क्षणात उतरलं. लग्न मोडायला एवढं वाक्य पुरतं हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. मामा पाठ फिरवून मांडवाकडं निघाला. तेव्हा साडू नव्या धोतरानिशी गाडीखाली सरपटले. पेटीला खालून कुठं फट सापडते का, म्हणून त्यांनी तळाला हात लावला, आणि तळ पापडासारखा हातात आला. वर्षानुवर्षांच्या चिखलपाण्यानं पत्रा खाऊन टाकला होता. पेटीला बूड असं नव्हतंच, वाळलेला चिखल तेवढा उरला होता. डबा त्यांच्या छातीवर पडला. ते बाहेर आले, मामासमोर डबा उघडून धरला आणि फेट्यावरचा गंज झटकत मुलामागं जाऊन उभे राहिले. अक्षता पडल्या.

पंगती बसल्या तरी साडू गाडीपाशीच, चाकाकडं तोंड करून बसलेले. मी माफी मागायला जवळ बसलो. ते माझ्यावर रागावलेले नव्हतेच. गंजक्या पत्र्याचा तुकडा बोटात फिरवत म्हणाले, "साडभाऊ, यवढी वर्सं खालून उगडीच हुती. कुनीबी न्यावं. कुनीच नेलं न्हाई."

"माणसं चांगली आहेत म्हणायची," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. मग तुकडा खाली ठेवला. "का आपल्यापाशी न्यावं असं काई हाय, हेच कुनाला वाटलं नसंल?"

आतून कुणीतरी जेवायला हाक मारली, तरी ते उठले नाहीत. शेवटी मी ताट तिथंच आणून दिलं. त्यांनी पहिला घास घेतला तो गाडीकडं पाठ करून.

दुपार कलल्यावर नवरीला घेऊन निघायची वेळ आली. आहेराचं सामान हौद्यात चढलं. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी आक्कांना म्हणालो, "मी मागं सामानापाशी बसतो. सेलूपर्यंत डोळ्यात तेल घालून राखण करतो."

आक्कांनी नव्या सुनेला पुढं बसवलं, दार लावलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "दाजी, तुमी यष्टीनं या. सामानाकडं चोर बगतील."