बोरीचे काटे

लांजीकडच्या डोंगरात तीन दिवस चालावं लागेल एवढी लांब पायवाट आहे. तिच्या एका टप्प्यावर आम्ही काही वारासिवनीकर दर रविवारी जातो, ‘जंगल वाचवा’ लिहिलेले टी-शर्ट घालून. एका वळणावर वेळ वाचवायला आम्ही गवतातून सरळ खाली उतरायचो. तिथं कोणीतरी बोरीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवायचं. चालणाऱ्यांची सेवा म्हणून मी त्या सलग चार रविवार उचलून फेकल्या. त्या सेवेचा फोटोही काढून घेतला.

पाचव्या रविवारी फांद्या टाकणारा भेटला. अनवाणी म्हातारा, खांद्यावर बोरीचा भारा. फांदी ठेवायला तो पुरता वाकला, पण पाय पायवाटेवरून हलवला नाही.

“काका, काटे काहून टाकता?”

“गवत उगवून राह्यलं. कोनी तुडवू नये म्हनून.”

मी छाती पुढे काढली. “आम्ही जंगल वाचवालेच येतो.”

त्यानं माझा टी-शर्ट शांतपणे न्याहाळला.

“हौ. तुमी येत नाई ना, त्या सहा दिवसांत थोडंसं वाचते.”

उरलेल्या फांद्या मीच रचल्या. बोटात काटा मोडला, तो त्यानंच काढून दिला. मग मी लांबच्या वाटेनं उतरलो, टी-शर्टवरून गमछा पांघरून.