भिंतीवरचा काटेलगाम

गहिनीनाथ लोहाराला माणसांचा वैताग होता, जनावरांचा कधीच नव्हता. सुप्याच्या पलीकडच्या वाडीत त्याचा भाता होता आणि भात्यापुढं रोज कोणी ना कोणी बसून त्याला त्याचाच धंदा शिकवायचं. फाळाला धार अशी लाव, कुऱ्हाडीला पाणी तसं दे. तो ऐकून घ्यायचा, तोंडातली तंबाखू थुंकायचा आणि स्वतःला पटेल तेच करायचा. पण घोड्याच्या लगामाचा विषय निघाला की त्याचं डोकं सणकायचं.

चैत्रात देवाची यात्रा, यात्रेत बैलगाड्यांची शर्यत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं घोडी पळवायची आणि तिच्या मागं बैलांनी जिवाच्या आकांतानं यायचं, अशी तिकडची रीत. म्हणून फाल्गुन लागला की घोडीवाले गहिनीनाथाकडं येत आणि सगळे एकच मागत. लगामाची तोंडात बसणारी कडी बारीक कर. जाड कडी जनावराला जड होते म्हणे.

"तारेच्या कडीची भरली बादली हिरीपासून घरापस्तोर आन," गहिनीनाथ म्हणायचा, "मंग आपली बोटं बघ. बारीक लोखंड कापतं. जाड नुसतं दाबतं. आता शिकव मला."

एवढ्यावर जे ऐकत नसत, ज्यांना काट्याचीच कडी हवी असे, त्यांना तो भिंतीकडं बोट दाखवायचा. तिथं खिळ्याला एक जुना काटेलगाम टांगलेला होता. वीस-बावीसचा असताना त्यानंच एका इनामदाराच्या दांडग्या घोड्यासाठी केलेला. घोडं जिभेला जखम होऊन जायबंदी झालं. दाणा पुढं ठेवला की हुंगायचं आणि मान फिरवायचं. महिन्याभरात गेलं. इनामदाराच्या गड्यानं लगाम परत आणून टाकला, तो गहिनीनाथानं टांगला आणि पुन्हा तसला करणार नाही म्हणून शपथ घेतली. ही गोष्ट तो येईल त्याला सांगायचा. सांगून सांगून ती चांगली रंगायला लागली होती, घोड्यानं मान कशी फिरवली ते तो हल्ली करूनही दाखवायचा.

त्याच्या बायकोला, केशरबाईला, ती गोष्ट तोंडपाठ होती. तिचं मागणं वेगळं होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, लोहाराची बायको असून ती शेजारच्या आक्काबाईचं खुरपं मागून नेत होती. "आज करतो," असं तो चोवीस वर्षं म्हणत होता.

एकाहत्तर सालच्या फाल्गुनात वाडीतला गोरक्ष घोडी घेऊन आला. गोरक्षाची बैलजोडी नामी, पण आजवर घोडी दुसऱ्याची मागावी लागायची. यंदा त्यानं स्वतःची आणली होती. मालेगावच्या बाजारातली, जातिवंत, असं तो गावभर सांगत होता. सरावाला घाटात उतरवली तर मागं बैल सुटल्याबरोबर ती उधळली आणि घाट सोडून कोणाच्या तरी कांद्यात शिरली.

"नाथामामा, काट्याची करून द्या," गोरक्ष म्हणाला.

"आधी त्वांड बघू दे."

गहिनीनाथानं घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला. तिनं आपणहून तोंड उघडलं. त्यानं सुतळी घालून दोन्ही बाजूंना गाठी मारून माप घेतलं, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली मोकळी जागा बोटानं चाचपली. घोडी मान खाली घालून उभी. इतकी शहाणी घोडी उधळते कशी, हे त्याला कळेना. मधे सांधा असलेली जाड, गुळगुळीत कडी त्यानं करून दिली. बांधल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एकच सुरकुती पडत होती. माप बिनचूक होतं.

चार दिवसांनी गोरक्ष परत. घोडी पुन्हा कांद्यात. गहिनीनाथानं बिनसांध्याची सरळ कडी दिली. आणखी तीन दिवसांनी गोरक्ष पुन्हा हजर, आणि यावेळी त्याच्याबरोबर सल्ला द्यायला अर्धी वाडी. कोण म्हणे साखळी घाला, कोण म्हणे कडी अरुंद करा. ज्यांनी जन्मात गाढवसुद्धा हाकलं नव्हतं तेही घोडीच्या तोंडात बोटं घालून बघत होते. गहिनीनाथानं सगळ्यांना हाकलून दिलं.

"मामा, यात्रा आठ दिसांवर आली," गोरक्ष म्हणाला. "काट्याबिगर ती ऐकायची न्हाई."

मग भिंतीकडं बोट, मग इनामदाराचं घोडं, मग मान फिरवणं. गोरक्षानं सगळं नीट ऐकलं. बघत मात्र तो खिळ्याकडं होता.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ कोळसा आणायला सुप्याला गेला. दुपारी परत येऊन बघतो तर खिळा मोकळा.

"गोरक्ष घेऊन गेला," केशरबाई म्हणाली. "मामांनी न्ह्यायला सांगितलंय म्हनला."

कोळशाचं पोतं दारातच टाकून गहिनीनाथ घाटाकडं पळत सुटला, पन्नाशीला टेकलेला माणूस, पायात वहाण नाही. पोचला तेव्हा बैल थांबवलेले होते आणि घोडी कडेला थरथरत उभी होती. तोंडातून लाल फेस गळत होता. गोरक्ष पडलेल्या चेहऱ्यानं लगाम धरून उभा.

"तरी बी उधळली," तो म्हणाला.

गहिनीनाथानं हळूहळू कडी काढली. जीभ कडेला फाटली होती. त्याच्या तोंडाला शिव्या आल्या होत्या, पण घोडीनं पुन्हा आपणहून तोंड उघडून दिलं, आणि त्या शिव्या त्याला गिळाव्या लागल्या. तिची मान पुसता पुसता त्याचा हात तिच्या छातीवर आला. तिथं चार बोटं रुंद पट्टा केसांविना होता, कातडं घट्ट झालेलं. इतके दिवस नुसतं तोंडच बघत बसलो, छातीकडं बघितलंच नाही, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

"गोरक्षा, ही कुठनं आनली?"

"मालेगाव..."

"तांग्याचा पट्टा घासून पडल्याला घट्टा मला कळत न्हाई व्हय?"

गोरक्षानं चारी बाजूंना बघितलं आणि आवाज खाली आणला. "नगरची हाय. तितं रिक्षा झाल्या लई. तांगेवाल्यानं इकून टाकली."

"मंग डोळ्यावरची झापडं कुठं गेली?"

"गोठ्यात टांगलीत. ती घालून घाटात उतरलो तर लोक मला तांगेवाला म्हनतील न्हवं."

गहिनीनाथाला आता उलगडलं. आठ-दहा वर्षं जिनं झापडांमुळं आपल्या मागं काय चाललंय ते कधी बघितलं नाही, तिला उघड्या डोळ्यांनी चार शिंगं अंगावर येताना दिसत होती. ती पळणार नाही तर काय करणार? आणि हा गडी लोकांच्या हसण्याला भिऊन तिच्या तोंडात लोखंड कोंबत होता.

"भ्या तिच्या डोळ्यांत हाय," तो म्हणाला, "आन तू जीभ फाडतुयास. पुरा बावळट हायस तू. म्या बी."

त्या यात्रेला घोडी पळाली नाही. केशरबाईच्या सांगण्यावरून गोरक्षानं तिला महिनाभर भिजवलेला कोंडा आणि गूळ चारला. पुढच्या साली ती झापडं लावून, गुळगुळीत जाड कडीवर घाटात उतरली. "टेसन, टेसन, एक शीट," म्हणून माणसं ओरडली, गोरक्षाचे कान लाल झाले, पण घोडी दोरी धरल्यासारखी सरळ गेली आणि बैल तिच्या मागं.

पण ते पुढचं झालं. घोडीची जीभ फाटली त्या संध्याकाळी गहिनीनाथ काटेलगाम हातात घेऊन घरी आला, तेव्हा केशरबाई भात्याशी बसलेली होती.

"म्या दिला न्हाई, त्यानंच काढला," ती म्हणाली. "पर भिंतीवर हुता म्हून काढला. नसता तर काय काढला असता?"

दुसरा काटेलगाम केला नाही, याचा त्याला इतकी वर्षं केवढा अभिमान होता. पहिलाच दोनदा पुरला. त्यानं लगाम निखाऱ्यात खुपसला, केशरबाईनं न सांगता भाता ओढला. लोखंड लाल झाल्यावर त्यानं ते ऐरणीवर घेतलं आणि काटे एकेक करून ठेचले. मग दुमडून, पुन्हा तापवून, पातं काढलं, वाकवलं, मूठ बसवली.

केशरबाईनं खुरप्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार बरी हाय," ती म्हणाली. "चोवीस वर्सांमागं केलं असतं तर आज घोडीचं त्वांड वाचलं असतं."

गहिनीनाथानं ऐकून घेतलं. थुंकायला तोंडात तंबाखूही नव्हती.