कोंडिरामांची गॅलरी

कोंडिराम वाघमारे यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. बीडहून मुंबईला येणारी गाडी माळशेज घाटातून उतरवताना ते आरामात शीळ घालत, असं त्यांचे कंडक्टर सांगतात. असा माणूस भाईंदर पूर्वेला, नवघरला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी राहायला आला आणि दोन वर्षांत एकदाही गॅलरीत गेला नाही. कारणं तयार असायची. ऊन फार आहे. कबुतरं घाण करतात. गुडघा दुखतोय. पाहुणे आले की ते गॅलरीकडे पाठ करूनच बसायचे.

सून नीलमनं ओळखलं. "बाबा, भीती वाटते ना?"

"मला? घाटात स्टिअरिंग माझ्या हातात होतं. इथं कुणाच्या हातात आहे?"

नीलम त्यांना भाईंदर पश्चिमेला मृणालिनी सावे या समुपदेशकांकडे घेऊन गेली. "मला काय वेड लागलंय?" म्हणून ते आधी अडून बसले होते, पण तिथं नवं मशीन आहे म्हटल्यावर चपला घालून दारात तयार.

मशीन म्हणजे डोळ्यांवर बांधायचा जाडजूड चष्मा. त्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, म्हणून समोरचं सपाट न वाटता खोल वाटतं. आणि मान वळवाल तसं सगळं दृश्य वळतं.

"याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, काका," मृणालिनी म्हणाल्या. "तुम्हाला एकेक मजला वर नेणार. भीती वाटली तरी तिथंच थोडं थांबायचं, ती हळूहळू उतरते. अगदीच नको झालं तर चष्मा काढायचा."

"म्हणजे सगळं खोटंच ना! मग चला."

पहिले काही मजले त्यांनी रुबाबात पार केले. तिसऱ्या भेटीत आठव्या मजल्याची कड आली. पायाखाली क्लिनिकची फरशीच आहे, हे डोक्याला माहीत होतं. पायांना कुणी कळवलं नव्हतं.

"मागे कोण आहे? रिव्हर्स घेतोय!" असं ओरडत ते उलटे चालत गेले आणि खुर्चीवर ठेवलेल्या मृणालिनींच्या जेवणाच्या डब्यावर बसले.

घरी येताना रिक्षात ते नीलमला नवघर आल्यावर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी किती वाजता जायचंय?"

अजून पाच गुरुवार गेले. आता ते खोट्या बाराव्या मजल्याच्या कडेला उभे राहून खालच्या खोट्या गाड्यांच्या पार्किंगला नावं ठेवू लागले. खऱ्या गॅलरीच्या उंबऱ्यावर मात्र पाय अडायचा.

"मॅडम, तुमच्या मशीनमध्ये वारा नाही," त्यांनी तक्रार केली.

"बरोबर आहे. वाऱ्याची सवय घरीच करायची. रोज एक पाऊल."

ते एक पाऊलही चहा संपल्यावर, मग पेपर संपल्यावर, मग उद्यावर जायचं.

एका रविवारी त्यांच्या पत्नी मुक्ताबाई गॅलरीत ओली चादर वाळत घालत होत्या. "अहो, दुसरं टोक धरा की!"

त्यांनी आतूनच धरलं. चादर ताणत, झटकत ते दोरीपर्यंत कधी पोचले, त्यांनाही कळलं नाही. दोरीवर टाकलेली चादर वाऱ्यानं बाजूला सरली, तर समोर मिठागरं आणि त्यापलीकडे पाण्याची चकाकती पट्टी. त्यांचे पाय ताठले, पण मागे सरले नाहीत.

"ती खाडी काय?"

"हो. आपण आलो तेव्हापासून तिथंच आहे," मुक्ताबाई चिमटे लावत म्हणाल्या.

बराच वेळ ते बघत राहिले. मग आत येऊन तांब्याभर पाणी प्यायले, कपाळ पुसलं आणि परत बाहेर गेले.