नबीलालची हाक

आमच्या सिद्धनाथ शेटची जाहिरातीची पेढी. लोकांचा माल आमी बाजारात वरडून खपवायचा. त्या साली चहा आला. तवा आमच्याकडं चहा म्हंजी सायबाचं खूळ, पर वैराग अन् मोडनिंबच्या बाजाराला त्येची चटक लावली ती पेढीच्या वरडनाऱ्या नबीलालनं. मी फुलाबाई, पेढीच्या गाडीमागं चुलीवर चहा उकळायची. त्यो गाडीवर हुबा ऱ्हायचा, लोकांदेखत उकळता चहा एका दमात घशात वतायचा अन् अशी आरोळी ठोकायचा की बाजार वळून बगायचा. "बगा, चहानं घसा कसा मोकळा हुतो!"

मोकळा कसला डोंबलाचा! घसा जळत हुता.

दिवाळीच्या तोंडावर त्येचा आवाज बसला. हकीम म्हनला, "महिनाभर मुका ऱ्हा, न्हाय तर आवाज कायमचा जाईल." मुका ऱ्हायला त्यो काय जहागीरदार व्हय? शेटला कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा गडी. दिसभर त्यो गप ऱ्हायचा, अन् उरलासुरला आवाज दोनच ठिकाणी काढायचा, बाजारात अन् घराच्या दारात. बायको कमरुन्निसा घरात एकली, तिलाबी त्येनं ह्यातलं काय सांगितलं न्हवतं. नवऱ्याची हाक ऐकल्याबिगर ती कडी काढत न्हवती, लग्नापासनंचा नेम.

पाडव्याला शेटनं पेढीवर बैठक घातली. गाद्या, लोड, अत्तर, पेढे. शेट हुबा ऱ्हाऊन म्हनला, "असं बरकतीचं वर्ष पेढीनं पाहिलं नव्हतं. अख्ख्या मुलखाला आपण चहा पाजला!" आपण! मेला आयत्या बिळावरचा नागोबा! मग म्हनला, "नबीलाल, पाहुण्यांना तो खेळ दाखव की एकदा."

मी गुपचूप कोमट चहा पुढं केला. शेट हसला. "फुलाबाई, वाफ कुठाय? वाफ दिसल्याशिवाय मजा काय?"

काय करती? उकळून आणला. नबीलालनं माज्याकडं बगितलं अन् एका दमात प्याला. तोंड उघडलं. मानंच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पानी आलं. आवाज न्हाय. बैठक खो खो हसाय लागली. त्यास्नी वाटलं, सोंग करतोय.

"काय नकल्या आहे बघा!" म्हनत शेटनं त्येच्या खांद्यावर शेला घातला. नबीलालनं हात जोडलं. माजं काळीज तुटत हुतं, पर बोलले असते तर मीच त्येची भाकर घालवली असती.

दिवेलागनीला दोगं शुक्रवार पेठंत आलो, माजं घर त्येच्याच बोळात. नबीलालनं आपल्या दाराची कडी वाजवली.

"कौन?" आतनं कमरुन्निसा.

त्येनं तोंड उघडलं, मिटलं. परत कडी वाजवली.

"घरवाले घर में नहीं. बाद में आव!"

शेला पांघरून घरवाला दारात हुबा. मला ऱ्हावलं न्हाय. "भाबी, उगडा! मी फुला. तुमचं मालकच हायती."

आत बांगड्या वाजल्या, पर कडी निघाली न्हाय.

"तो फिर उनो बोलते क्यूं नहीं?"

नबीलाल माज्याकडं बगाय लागला. काय सांगू मी तिला?