पुंगळीवरची रेघ

जपानमध्ये, एदोगावा भागात आमच्या शेजारी एक वृद्ध जोडपं राहतं. दर गुरुवारी दुपारी मी आजींकडे जपानी बोलायचा सराव करायला जायचे. आम्ही दोघी बोलत बसायचो आणि खिडकीजवळच्या टेबलाशी आजोबांचं काम चालायचं. त्यांच्याकडे शिकारीच्या रायफलीचा परवाना होता. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ते घरी आणायचे, घासूनपुसून लख्ख करायचे आणि पुन्हा भरण्याजोग्या कोणत्या ते निवडायचे.

एकदा त्यांनी मला एक बाद पुंगळी दाखवली. बुडाच्या जरा वर केसाएवढी रेघ होती. "अशी परत वापरली तर बार उडताना फाटते," ते शांतपणे म्हणाले, "आणि तेव्हा आपला गाल रायफलीलाच टेकलेला असतो."

हिवाळा सरताना एका गुरुवारी चांगल्या पुंगळ्यांच्या डब्यात मला तशीच रेघ दिसली. मी ती पुंगळी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं, मान डोलावली आणि ती परत त्याच डब्यात टाकली. इतकी वर्षं बंदूक हाताळलेल्या माणसाला मी काय सांगणार?

दोनच दिवसांनी दारात पोलीस उभा. आजोबांच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, म्हणून शेजाऱ्यांकडे चौकशी. घरात भांडणं होतात का, पिऊन येतात का, असं विचारून झाल्यावर तो म्हणाला, तब्येतीत काही फरक जाणवतो का?

"नाही," मी म्हटलं. "फार सज्जन आहेत."

तो वाकून नमस्कार करून गेला. दार लावलं आणि मी तिथेच चपलांशेजारी खाली बसले. नजरेचं खरं सांगितलं असतं तर त्यांची रायफल गेली असती. आता कदाचित डोळा जाईल, जीवही. संध्याकाळी नवरा तोयोसुच्या ऑफिसातून आल्यावर त्याला सांगितलं. आपण इथे व्हिसावर आहोत, यात पडू नकोस, असं त्याचं म्हणणं. तो आठवडा मला जेवण गेलं नाही, गुरुवारीही मी त्यांच्याकडे गेले नाही. त्या आठवड्याअखेर, रविवारी, आजोबा नेमबाजीच्या रेंजवर जाणार होते.

शनिवारी सकाळी ते अंगणात गाडी पुसताना दिसले. मी तशीच बाहेर गेले.

"आजोबा, तुम्हाला ती रेघ दिसत नाहीये."

फडकं थांबलं. आता हे मला परत दारात उभं करणार नाहीत, असं वाटलं. त्यांनी विचारलं, "किती आहेत?"

मी एकच पाहिली होती. ते मला आत घेऊन गेले, डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी एकेक उजेडात धरून पाहिली. आणखी तीन निघाल्या. त्यांनी चारही ओळीत मांडल्या, एकेकीवरून नख फिरवलं आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

आजी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "मला वर्षभर माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना सांगायची भीती वाटत होती."

रविवारी गाडी हलली नाही. पुढच्या आठवड्यात आजोबांनी स्वतःच चौकीत जाऊन रायफल जमा केली. त्यानंतर महिनाभर, गुरुवारी मी गेले की ते फिरायला निघून जात.