झाकण उघडायचं नाही

"झाकण सारखं उघडलं तर भात शिजेल का?" असं म्हणून मॅडम बोट नाचवायच्या. भूगावच्या आमच्या वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्या त्या मुख्य एम्ब्रियॉलॉजिस्ट. भात म्हणजे बशीत वाढणारे गर्भ, झाकण म्हणजे इन्क्युबेटरचं दार. ठरल्या वेळीच बघायचं, एरवी हात मागे. मी त्यांच्या हाताखाली, माझे हात सारखे शिवशिवायचे, त्यामुळे बोलणी खायला मीच पुढे.

कौतुकात तर बाई महाकंजूष. कितीही देखणा गर्भ असो, "बरं चाललंय" एवढंच. दृष्ट लागेल म्हणून का, असं विचारलं की म्हणायच्या, विज्ञान शिकलेल्यांनी असलं मानू नये. आणि मायक्रोस्कोपवरून उठताना कानशिलावर हळूच बोटं मोडायच्या. तुम्हीच सांगा आता.

एकदा पौडच्या पलीकडच्या वाडीतली एक बाई आली. तिचा हा शेवटचा प्रयत्न. पुन्हा सोसायची ताकद ना अंगात उरली होती, ना घरात. गर्भ तयार झाला एकच, तोही रेंगाळणारा. पाचव्या दिवशी छान फुगायला हवा होता, तर हा नुसता गोळा होऊन बसलेला. डॉक्टर म्हणाले, नाही म्हणून कळवून टाका.

मॅडम म्हणाल्या, "उद्या बघू. काही जणं उशिराच उठतात."

दिवसभर त्यांनी दार उघडलं नाही, पण इन्क्युबेटरवरची नसलेली धूळ पुसत तिथेच घुटमळत राहिल्या. मी भाताची आठवण करून दिली, तर असं काही बघितलं माझ्याकडे की मी आपल्या कामाला लागले.

सकाळी त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि फोकस पुन्हा पुन्हा फिरवला. मग म्हणाल्या, "बोलवा तिला."

गर्भ फुगला होता. पोटात सोडण्याआधी स्क्रीनवरचा तो ठिपका मॅडमनीच तिला दाखवला. पुढे तिला दिवस राहिले म्हणून कळलं तेव्हा आम्ही सगळ्या नाचलो. मॅडम म्हणाल्या, बरं चाललंय.

बाळंतपणाच्या आधीच मॅडम गेल्या, झोपेतच. मला अजून त्यांचा राग येतो. असं न सांगता जातात का कुणी?

ती बाई पेढे घेऊन आली, मुलीला मॅडमना दाखवायला. मी सांगितलं तशी बाकावर बसली आणि मुलीच्या टोपड्याची नाडी उगाच सोडत-बांधत राहिली.

"आमच्या आधी हिला त्यांनी बगितलं," ती म्हणाली. "आन् हिला त्या कवाच दिसायच्या न्हाईत."